टाकीतली पांजरपोळ

लग्न ठरताना मुलाकडचे मागतात आणि मुलीकडचे देतात. माझ्या लग्नात उलटं झालं. माझ्या वडिलांनी संडास मागितला. पोरगी अमरावतीची आहे, शेतात जाणार नाही, आधी घरात संडास बांधा, मग मुहूर्त काढू, असं त्यांनी कामरगावला कळवलं. माझे सासरे कस्तुरचंदजी तिथले किराणा दुकानदार. त्यांच्या पदमचंदनं सात मुली नाकारल्या होत्या आणि तो तिशीला टेकला होता. त्यांनी निमूट खड्डा खणायला घेतला. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय घेते, हे आधीच सांगून ठेवते. कोणाला खटकत असेल तर त्याने पुढे वाचू नये.

बांधलं मात्र त्यांनी झकास. दहा माणसांची सेप्टिक टाकी, वर फरशा, बाजूला छतापर्यंत हवेचा पाईप. गावात त्या वेळी दुसरी टाकी नव्हती. एस.टी.तून उतरून कोणी आमचं दुकान विचारलं, तर लोक सांगायचे, 'थे काय, सेप्टिकवाल्या मारवाड्याचं.' सासऱ्यांना हे ऐकलं की घास कडू लागायचा.

आणि एवढ्या टाकीवर जाणारं माणूस एकच, मी. पदमचंद पावसाळ्यात जायचे, एरवी त्यांना मोकळी हवा लागे. सासरे दोन मित्रांबरोबर नाल्याकडे जायचे, तिथे त्यांचा सरकीच्या भावावर खल चाले. सासूबाईंचा, म्हणजे हीराबाईंचा, विरोध धर्माचा होता; आम्ही जैन. मी त्यांना बाईजी म्हणायची. त्यांचं म्हणणं असं की, मैला ओला राहिला की अठ्ठेचाळीस मिनिटांत त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव जन्माला येतात आणि तिथंच मरतात. शेतात ऊन लागतं, वाळून जातं, दोष नाही. आमच्याकडे तर पाप सहा फूट खोल साठवून वर फरशी घातलेली. हे त्या मला कधी तोंडावर बोलल्या नाहीत. ताक घुसळताना रवीला सांगायच्या, पापड लाटायला आलेल्या बायांना सांगायच्या, आणि आवाज असा लावायच्या की मला माडीवर ऐकू यावं.

चार वर्षं अशी गेली. मग शहात्तर साली, माघ महिन्यात, टाकी रुसली. पाणी ओतलं की भांड्यातून गुडगुड आवाज यायचा आणि ओतलेलं पाणी परत वर यायचं. वास तर असा की दुकानातली गिऱ्हाईकं हिंग घेताना दोनदा हुंगून बघत. मी काही हात बांधून बसले नव्हते. आधीच संडासवाली सून, त्यात घाणेरडी म्हणवून घेऊ? माझा भाऊ अमरावतीहून काळ्या फिनेलचा मोठा डबा आणून द्यायचा. रोज अर्धी बाटली मी स्वतः ओतायची. रविवारी तेजाब. अमावास्येला धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी, दोन बादल्या. वास वाढला की फिनेल वाढवायची, फिनेल वाढवलं की वास वाढायचा, आणि या दोघांचं काही नातं असेल हे माझ्या मॅट्रिक झालेल्या डोक्यात आलं नाही.

एके दिवशी जेवता जेवता सासऱ्यांनी निकाल दिला. मदनसिंगच्या बैलगाडीला सांगितलं आहे, सोमवारी मुरूम येईल, टाकी बुजवून टाकू. खोलीत ढेपेची पोती चांगली राहतील. हे त्यांनी पदमचंदला सांगितलं, पण ते होतं माझ्यासाठी.

शेतात मी एकदाच गेले होते, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात, विहिरीचं पाणी आटलं तेव्हा. झुंजुमुंजू झालं होतं. कारंज्याकडून पहिली गाडी आली आणि दिव्यांचा झोत पडताच आम्ही सात बाया झेंडावंदनासारख्या ताडकन उभ्या राहिलो. सहा जणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी घरी येऊन ओकले. त्या दिवशी मी ठरवलं होतं, मरेन पण पुन्हा तिथे जाणार नाही. आता सोमवारपासून रोज जायचं होतं.

पदमचंदला मी एवढंच म्हटलं की बुजवायची तर बुजवा, पण आधी एखाद्या जाणकाराला दाखवा. माणूस गेला तरी डॉक्टर नाडी बघतो. सासऱ्यांना हे पटलं, कारण मातीचं ढेकूळसुद्धा पारखल्याशिवाय फेकायचं नाही हा त्यांचा स्वभाव.

कारंज्याला जगदेवराव म्हणून एक गृहस्थ होते. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, निवृत्तीनंतर सेप्टिक टाक्या तपासून द्यायचे. आजूबाजूच्या दोन तालुक्यांत मिळून टाक्या विसेक असतील, पण त्यांची ऐट दोनशेंची. रविवारी सकाळच्या गाडीने आले ते बारा फुटी बांबू घेऊन. कंडक्टरनं बांबूचं अर्धं तिकीट फाडलं म्हणून ते चिडलेले होते. बांबूच्या टोकाला त्यांनी पांढरं मलमल गुंडाळलं, पायजमा वर खोचला, फरशी उचलून घेतली आणि सगळ्यांना वीस पावलं मागे जायला लावलं. 'आतली हवा निंगू द्या पह्यले,' म्हणाले आणि बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसून राहिले. त्या हवेत काडी ओढायची नसते, असं त्यांनी सासऱ्यांना बजावलं. सासरे तर श्वाससुद्धा ओढत नव्हते.

मग बांबू आत गेला, हळूच वर आला. मलमलवर कुठवर काळं लागलं ते त्यांनी वितीने मोजलं. बॅटरीने आत बघितलं, पाईपला कान लावला, भांड्यात तांब्याभर पाणी ओतून किती वेळात जातं ते घड्याळावर धरलं. एवढं झाल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि इथे अडचण आली.

आमच्या घरात सून सासऱ्यांसमोर बोलत नाही. चार वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी दाराआड घुंघट ओढून उभी असायची. बांगडी एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. एवढ्यावर आमचा संसार सुरळीत चालला होता, आणि खरं सांगायचं तर कितीतरी घरांत तोंडाने चालतो त्यापेक्षा बरा चालला होता. जगदेवरावांनी विचारलं, घरात कोणी फिनेल टाकतं का? सासऱ्यांनी पदमचंदकडे पाहिलं, पदमचंदनं दाराकडे पाहिलं. मी बांगडी खणकन वाजवली. एकदाच, पण दिमाखात.

किती टाकता, हा पुढचा प्रश्न. बांगडीला अर्धी बाटली सांगता येत नाही. पदमचंद आत आले, मी त्यांना सगळा हिशोब समजावला. रोजचं फिनेल, रविवारचं तेजाब, अमावास्येचा सोडा, काही सुटू दिलं नाही. माझी मेहनत एकदा तरी कोणी मोठ्याने वाचून दाखवतंय, याचा मला अभिमान वाटत होता. पदमचंद बाहेर जाऊन एकेक सांगू लागले तसे जगदेवरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाबूजी, टाकी मेली हाय."

"सिमिटाची टाकी मरन कशी?" सासरे म्हणाले.

"टाकी मंजे नुसता खड्डा नोय. आत बारीक जंतू रायतेत. आपन टाकतो थे खातेत, पचोवतेत, त्याचं पानी करतेत. दुधात इरजन असते ना, तसं. इरजनच मारून टाकलं तं काय होईन? सडून राह्यलं सारं."

बाईजी ओसरीच्या कोपऱ्यात माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांची माळ थांबली. त्यांनी विचारलं, विरजणातही जीव असतात का? सासऱ्यांनी घाईघाईने जगदेवरावांना चहाचं विचारलं. सासऱ्यांना कढी फार आवडायची, आणि बाईजींनी एकदा एखादी गोष्ट सोडली की ती घरातून जायची. बटाटा असाच गेला होता.

पण बाईजी विरजणावर थांबल्या नाहीत. टाकीत किती जीव होते, असं त्यांनी विचारलं.

"त्याचा काय हिसाब, मायबाई. एका थेंबात लाखो. करोडो म्हना."

"आन सारे मेले?"

मलमलचं काळं टोक जगदेवरावांनी मागे लपवलं. बाईजींनी एकदा दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, वाळूचं घड्याळ उलटं करून सामायिकाला बसल्या. सामायिक म्हणजे एका जागी बसून केलेलं अठ्ठेचाळीस मिनिटांचं ध्यान. तेवढा वेळ कोणी बोलवायचं नाही.

मुंगी ओलांडून जाणाऱ्या घरात मी चार वर्षं रोज अर्धी बाटली कत्तल केली होती, आणि वर तिची यादी वाचून घेतली होती. संडास तर गेलाच, आता तोंडही गेलं. सासऱ्यांना मात्र निकाल सोपा झाला. जगदेवरावांशी अर्धा तास सरकीच्या भावावर बोलून त्यांनी पदमचंदला सांगितलं, मदनसिंगला म्हणावं सोमवारची वाट बघू नको, आजच मुरूम आण. पदमचंद चपला घालू लागले. हा माणूस सात मुलींना नाही म्हणू शकला होता, बापाला एकदाही नाही.

तेव्हा मला काय झालं ते ठाऊक नाही. मी घुंघटातून बोलले, मोठ्याने, सरळ सासऱ्यांशी. "बाबूजी, टाकी बुजवू नका. चूक माझी आहे, टाकीची नाही. मला शिक्षा करा."

जगदेवरावांना वाटलं काहीच झालेलं नाही, ते बशीत चहा फुंकत राहिले. सासरे इतके गोंधळले की समोरून आलेल्या बोलण्याला उत्तर कसं द्यायचं हेच त्यांना सुचेना. शेवटी ते चपला घातलेल्या मुलाकडे वळले.

"सांग तिले, आयकू आलं. पन घरात हत्येची जागा ठेवता येत नाई मनाव."

पदमचंद दाराशी आले आणि त्यांनी मला ते शब्द न शब्द सांगितले. मीही मुकाट्यानं ऐकून घेतले. दोन हातांवरून बोललेलं मी आधीच ऐकलं होतं, तरी पदमचंदच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं लागलं.

मदनसिंगकडे निघालेले पदमचंद गल्लीच्या टोकाला पोचले असतील नसतील, आतल्या घड्याळातली वाळू संपली आणि बाईजी बाहेर आल्या. त्यांनी पदमचंदला हाक मारून परत बोलावलं. जगदेवरावांसमोर पाट मांडून बसल्या आणि वकिलासारखे प्रश्न विचारू लागल्या. टाकी पुन्हा जिवंत होते का? होते, जगदेवराव म्हणाले. साचलेला गाळ उपसायचा, ताज्या शेणाची पाटी पाण्यात कालवून आत सोडायची, फिनेल-तेजाब कायमचं बंद करायचं. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जंतूंनी भरते. मग ते जीव जगतील ना? जगतील. त्यांना खायला किती लागतं?

जगदेवराव कान खाजवू लागले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "आता कसं सांगू... दहा मान्साची टाकी हाय. एकट्या सूनबाईच्या भरोशावर उपाशीच रायतीन. घरचे सारे पाह्यजेत."

बाईजींनी मान डोलावली. मग त्या सासऱ्यांना म्हणाल्या, गुजरातेत आपण यात्रेला गेलो होतो ते आठवतं का? तिथल्या पांजरपोळीत म्हाताऱ्या गाईंच्या मागे एक खोली होती. लोक धान्यातले सोंडे-किडे आणून त्या खोलीत सोडायचे आणि वरून मूठभर दाणे टाकायचे. किड्यांचीही पांजरपोळ.

"आपल्या घरानं मारले. आता आपल्याच घरानं पोसाचे. टाकी साफ झाली की कोनी नाल्याकडं जानार नाई."

सासरे हबकले. सरकीच्या भावाची त्यांची बैठकच मोडत होती. त्यांनी शास्त्र काढलं. नवे जीव जन्माला घालणं हाही दोषच, मुळात तूच तर इतकी वर्षं तसं म्हणत होतीस.

"जन्मतेत तं शेतातबी. तथी तुमच्या जोड्याखाली मरतेत. अथी जगतीन तरी."

सासऱ्यांनी पदमचंदला चपला काढायला सांगितलं. मला ते शास्त्रात बसतं की नाही हे आजही माहीत नाही, आणि एखाद्या महाराजांना विचारायचं धाडस मी केलेलं नाही. जगदेवरावांनी कागदावर लिहून दिलं, 'टाकी बांधकाम उत्तम, रोग फिनेलचा.' बांबू पुसला, मलमल गुंडाळलं आणि निघताना माझ्या दाराकडे बघून म्हणाले, सूनबाई, स्वच्छतेत तुमचा हात कोणी धरणार नाही, म्हणूनच आता हात आवरा.

तांड्यावरची जमनाबाई शेण घेऊन आली. टाकी लिपायची आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, तिला खाऊ घालायचं आहे. तिनं पाटी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. उरलेल्या फिनेलचा प्रश्न मोठा होता. ओतायचं कुठं? जिथं ओताल तिथं काहीतरी जिवंत असणारच. शेवटी डब्याचं तोंड मेणकापडानं बांधून तो अमरावतीला माझ्या भावाकडे परत गेला. भावाला वाटलं आमचं काही बिनसलं. मला प्रायश्चित्त म्हणून तीन आयंबिल सांगितली, म्हणजे तूप-तेल-दुधावाचून, मसाल्यावाचून, दिवसातून एकदाच जेवायचं. बाईजीही माझ्याबरोबर तसंच जेवल्या. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, घरची कर्ती म्हणून पाप वाटून घेतायत.

गाळ उपसून, शेण सोडून झालं आणि बुधवारी सकाळी पहिला मान बाईजींनी घेतला. मी पाणी भरून ठेवलं आणि अंगणात थांबले. बराच वेळ झाला. मला धास्ती वाटू लागली, इतक्यात आतून हाक आली, "अंगुरी, हात दे वं."

मी दार ढकललं. बाईजी भिंतीला टेकून अर्ध्या उठल्या होत्या, पुढे उठता येत नव्हतं. मी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं केलं. त्यांचे गुडघे लुगड्यातूनसुद्धा सुजलेले दिसत होते. आणि इतक्या जवळून मी ते कधी पाहिलेच नव्हते. पायरीवर बसवून पाय धुवून दिले, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"दोन वर्सं झाले. शेतात बाभयीच्या खोडाले धरून उठो. काटे रुतत. दोनदा तं पडलीबी. मागून जमनानं उचललं, तिले मी शपथ घातली."

मी म्हटलं, "बाईजी, घरात संडास होता. मला सांगायचं होतं."

"कोन्या तोंडानं सांगू? साऱ्या गावापुढं मीच तर त्याले पाप म्हटलं होतं. वाट धरमातूनच निंघाले पाह्यजे होती. इतवारी त्या मानसानं म्हटलं, सारे पाह्यजेत, तवा मी सामायिकात जे मांगतलं होतं थे मिळालं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुयावाले मेले थे मेले. तुनं मुद्दाम नाई मारले."

मला रडू आलं. पदर तोंडाला लावून मी तिथंच अंगणात रडले आणि बाईजी, मेलं कोणी नाही काही नाही, असं म्हणत माझ्या पाठीवर ओला हात फिरवत राहिल्या.

टाकी दोन महिन्यांनी सुरळीत झाली. वास गेला, गुडगुड गेली, आणि सकाळी माझा नंबर चौथा लागू लागला. आत सासरे असले की बाहेर मी घुंघट ओढून उभी राहायची आणि ते आतून खाकरायचे, हे आमचं नवं बोलणं. लोक मला म्हणतात, अंगुरीबाई, तू लढून संडास मिळवलास. मिळवला खरा. पण दोन वर्षं बाईजी बाभळीला धरून उठत होत्या, आणि त्या दोन वर्षांतल्या प्रत्येक पहाटे पाण्याचा डबा भरून, वाकून नमस्कार करून, तो त्यांच्या हातात मीच देत होते. चांगली सून म्हणून. ते काही मला अजून पचलेलं नाही.